नकाशातलं भोक

सुतारभाऊ दार दुरुस्त करायला आले की आधी दार उघडत नसत. तळहात लावून क्षणभर उभे राहत, डॉक्टर पोटावर हात ठेवून बघतो तसे. मग सांगत, "वरची बिजागरी ओढतेय, मावशी. दाराचा दोष नाही."

आमच्या खोलीचं दार पहिल्याच आठवड्यात कुरकुरायला लागलं, तेव्हा ते पहिल्यांदा आले. मी म्हटलं, "आत्ताच बसवलेलं नवं कोरं दार, आणि लगेच कुरकुर?"

"जहाज चालताना सगळंच थोडं थोडं वाकतं. उभं राहिलं की सरळ होतं. दाराला ते अजून सवयीचं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण हातातली पटाशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं, "खिडकी उंच पडते का तुम्हाला?" मी उंचीला बेताचीच. दोन दिवसांनी एक पाट आणून दिला, खाली रबर लावलेला, घसरू नये म्हणून. त्याच्यावर उभी राहिले तेव्हा मला समुद्र दिसला. तोवर नुसतं आभाळ दिसत होतं, आणि सूनबाई मला रोज विचारायची, "आई, बघितलंत का किती छान दिसतंय?" मी हो म्हणायची.

हे जहाज म्हणजे काय ते सांगायला हवं, मलाही समजायला महिना लागला. फिरायला जायची जहाजं वेगळी. त्यांत माणसं चढतात, आठ दिवस खातात-पितात आणि उतरून आपापल्या घरी जातात. इथं माणसं राहतात. खोल्या विकत घेतलेल्या, दारावर नंबर, दारापुढे पायपुसणं. बासष्ट घरं आहेत. सोसायटीच म्हणा, फक्त खाली जमीन नाही. सेक्रेटरी आहेत, सभा होतात, वरच्या मजल्यावरची बाई खुर्च्या ओढते म्हणून खालचे रुसून बसतात. सकाळी खिडकीबाहेर कोणतं गाव असणार ते मात्र आदल्या दिवशी दाराखालून सरकवलेल्या कागदावर वाचावं लागतं. माझ्या मुलानं नट-बोल्टचा कारखाना विकला आणि इथं जागा घेतली. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी आहे इथेच. तो म्हणाला, "इथेच म्हणजे कुठे, आई? घरही विकलंय." अशी मी आले. जागा मात्र कसल्याशा कागदपत्रांच्या सोयीसाठी माझ्या नावावर केली. मी अंगठा नाही, सही केली. सही मला येते.

वरच्या मजल्यांवर राहतात ते घरवाले, पाण्याच्या पातळीच्या आसपास राहतात ते कामवाले. सुतारभाऊ जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरलं तेव्हापासूनचे, एकोणीस वर्षांचे. कानामागे पेन्सिलीऐवजी लाकडाची बारकी पाचर खोचलेली असायची, म्हणून खालची पोरं त्यांना 'पाचर' म्हणत. मोजकं बोलत. कपाटाच्या फळ्यांना बोटभर उंच पट्ट्या लाव, ताटल्यांच्या मांडणीला खाचा कर, कुणाच्या पलंगाचा पाय वाजतोय तो बसव, असं दिवसभर चालायचं. समुद्र खवळला की आम्ही घरवाले पलंग धरून बसायचो, आणि ते कानांनी जहाज ऐकत फिरायचे, कुठे काय वाजतंय ते.

त्यांचं कामाचं ठिकाण सगळ्यात खाली, धुलाईखान्याच्या पलीकडे. मी तिथं जायला लागले. घरवाल्यांनी खाली जाऊ नये असा काही नियम नव्हता, नुसतं कुणी जात नव्हतं. भिंतीवर पन्नास-साठ बारके खण, आणि आत कोणता स्क्रू आहे तो प्रत्येक खणाच्या तोंडाशी एकेक बाहेर ठोकलेला. चिठ्ठी नाही, अक्षर नाही. मला ते फार आवडलं. माझ्यासारखीलाही सगळं वाचता येत होतं. मी स्टुलावर बसायची, ते रंधा मारायचे. लाकडाच्या वासानं जमिनीवर आल्यासारखं वाटायचं.

वर्षातून एकदा मोठी सभा होते. पुढच्या वर्षी जहाज कुठे कुठे न्यायचं ते घरवाले हात वर करून ठरवतात, एका घराला एक हात. त्यासाठी एक मोठं टेबल आहे, त्यावर अख्ख्या जगाचा नकाशा कोरलेला, सुतारभाऊंनीच केलेला. ज्या ज्या बंदराचं नाव कुणी सुचवेल तिथं ते सभेच्या आधी गिरमिटानं एक भोक पाडतात आणि त्यात खुंटी बसवतात. सभेत एकेका खुंटीवर हात मोजतात. नापास झाली की खुंटी उपसायची आणि तिथल्या तिथं भुसा नि सरस भरून भोक बुजवायचं. इतकी वर्षं हेच चाललेलं, त्यामुळे टेबलावर कुठे कुठे फिकट ठिपके आहेत. जिथं जहाज गेलं नाही ती ही गावं.

त्या वर्षी ते टेबल घासत होते, मी बसले होते. सहज विचारलं, "तुमचं गाव कुठाय यात?"

त्यांनी बोट ठेवलं नाही. मान नुसती एका बाजूला केली. "तिकडे आहे. बंदर बारकं. गाव आणखी आत, अर्धा दिवस बसनं."

"कधी गेलं का आपलं जहाज तिथे?"

"कोण मागणार? बघायला काही नाही. एक धक्का, मासळीचं कोठार आणि वारा."

"घरी कोण असतं?"

"आई. एक्क्याण्णव वर्षांची. बहीण बघते तिचं."

"आणि लग्न?"

"राहून गेलं."

पुन्हा टेबल घासायला लागले. मला वाटलं, झालं बोलणं. पण थोड्या वेळानं स्वतःच बोलले, पॉलिश पेपर चालूच होता. त्यांचे वडीलही जहाजावर होते. हे नऊ वर्षांचे असताना समजलं की वडिलांचं दुसऱ्या एका बंदरात दुसरं घर आहे. बायको, मुलं, सगळं. ते पुन्हा आले नाहीत.

"आईनं त्यांचं नाव टाकलं. पण मी या जहाजावर लागलो त्या दिवसापासून ती मला एकच विचारते. तुझं दुसरं घर कुठे आहे?"

"मग नाही म्हणून सांगायचं."

"एकोणीस वर्षं सांगतोय. फोटो नेले. म्हणाली, फोटोत काय, फोटोत मीही बागेत उभी आहे, माझी बाग आहे का? फोनवर खोली दाखवली. म्हणाली, ती बाई फोनच्या मागे उभी असेल. या सुट्टीत गेलो तर मला जेवायलाच वाढलं नाही. बहिणीला म्हणाली, त्याला त्याच्या घरी जेवू दे."

मांडीवर उडालेला भुसा मी झटकला.

"पुढच्या वर्षी पासष्ट पूर्ण होतील," ते म्हणाले. "जिथं जहाज असेल तिथं उतरवून विमानानं पाठवतील. मग आई म्हणेल, तिकडच्या बाईनं म्हातारपणी हाकलून दिलं, म्हणून आला. तसंच मनात धरून जाईल ती. तिला एकदा इथं आणून..." आणि थांबले.

"मी मागते ते बंदर," मी म्हटलं.

"नको, मावशी. कामवाल्यानं घरवाल्यांकडे काही मागायचं नाही. नियम आहे. माझं नाव निघालं तर शेवटचं वर्षही जाईल."

"तुझं नाव कोण काढतंय?" त्यांना कधी 'तू' म्हणायला लागले मलाही समजलं नाही. "तू भोक पाड, बाकी माझ्याकडे."

"सेक्रेटरींचा कागद आल्याशिवाय नाही पाडणार."

"एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गावांची भोकं पाडलीस. स्वतःच्या गावाला कागद हवा?"

"हवा," ते म्हणाले.

सेक्रेटरींना द्यायचा मागणीचा कागद सूनबाईकडून लिहून घेतला. मुलगा म्हणाला, "तिथं आहे काय, आई?"

"वारा आहे."

"वारा इथंही आहे."

"मला एकीला भेटायचंय."

"कुणाला?"

"माझ्याहून म्हातारी आहे," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं.

तीन दिवसांत साऱ्या जहाजानं ठरवून टाकलं की आजींची ताटातूट झालेली बहीण तिथं आहे. कुत्रेवाल्या बाई, म्हणजे एक विधवा होत्या, त्यांचं कुत्रं त्यांच्याआधी खोलीत शिरायचं, त्या येऊन माझा हात धरून रडल्या. मी नाही म्हटलं नाही. हात मिळतोय तर मिळू दे, असा विचार केला. ते माझ्या अंगाशी येणार होतं.

आमच्या विरोधात एक बेट होतं, त्याच चार दिवसांसाठी मागितलेलं. तिथं गरम पाण्याचे झरे. मागणारे होते निवृत्त न्यायाधीश. त्यांचे गुडघे गेलेले. कुणाशी न बोलणारा माणूस, जेवतानाही समोरची खुर्ची उलटी करून ठेवायचा, कुणी बसू नये म्हणून.

सभा दुपारी होती. टेबल मधोमध, भोवती आम्ही सगळे, सुतारभाऊ भिंतीशी सरस आणि भुशाचा डबा घेऊन. आमच्या खुंटीची पाळी आली. सेक्रेटरींनी बंदराचं नाव वाचलं. कप्तान टेबलावर वाकले आणि वाकूनच राहिले.

"सुतार, हे भोक जमिनीत आहे."

सगळे वाकले. खरंच. किनाऱ्यापासून बोटभर आत, जिथं नकाशावर काहीच नव्हतं, तिथं खुंटी उभी होती.

"जहाजाला चाकं बसवायची का?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. मीही हसले असते. पण मी सुतारभाऊंकडे पाहिलं. ते डबा दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि त्यांना स्वतःलाच ती खुंटी पहिल्यांदा दिसत होती.

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "बाई, तुमची बहीण बंदरावर राहते की आत?"

"माझी बहीण नाही ती," मी म्हटलं.

कुत्रेवाल्या बाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

न्यायाधीशांनी चष्मा लावला. "एवढ्या वर्षांत या माणसाचं एक भोक केसभर सरकलेलं मी पाहिलं नाही. आज हात का हलला?"

"हात हलला नाही, साहेब," सुतारभाऊ म्हणाले. आवाज इतका खाली की मागचे लोक पुढं सरकले. "बंदरावर ठेवलं होतं गिरमिट. मग तिथं गेलं. तिथं घर आहे. आई आहे. तिला एकदा जहाज दाखवायचं होतं."

वडिलांचं त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

सेक्रेटरी वही उलटायला लागले. "कामगारांना बंदर मागता येत नाही. नियमात स्पष्ट आहे."

"मागितलं मी," मी म्हटलं. "घर माझ्या नावावर आहे. विचारा माझ्या मुलाला."

माझा मुलगा बुटांकडे बघत होता. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा. मग म्हणाला, "आहे. आईच्याच नावावर आहे."

हात वर झाले. मला वाटलं होतं न्यायाधीश आता विरघळतील. छे. झऱ्यांसाठी त्यांचा हात सगळ्यात आधी वर. "आई त्यांची आहे, गुडघे माझे आहेत," म्हणाले. कुत्रेवाल्या बाईंनीही झऱ्यांना हात दिला, माझ्याकडे बघत बघत. आमच्या बाजूनं हात आले ते भलत्याच माणसांचे. खुर्च्या ओढणारी बाई, तिच्या खाली राहणारं तिच्याशी न बोलणारं जोडपं, एक माणूस जो कुठल्याच सभेत जागा नसतो. सत्तावीस आमचे, चोवीस झऱ्यांचे.

"पण भोक पाण्यात हवं," कप्तान म्हणाले. "आणि ते जमिनीतलं बुजवा."

सुतारभाऊंनी किनाऱ्यावर नवं भोक पाडलं. मग आपल्या घराची खुंटी उपसली, त्यात भुसा भरला, वरून सरस लावला आणि अंगठ्यानं दाबून धरून ठेवला. सरस धरायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

अकरा महिन्यांनी आम्ही त्या बंदरात शिरलो. सुतारभाऊंची नोकरी पंधरा दिवस उरली होती. बंदर त्यांनी सांगितलं तसंच: धक्का, कोठार, वारा. त्यांच्या भाच्यानं आईला मोटारीनं आणलं होतं. सुतारभाऊंची बहीण एका हाताला. म्हातारी एवढीशी, अंगात मोठा कोट, हातात काठी. माझ्याहूनही बुटकी. चौघं कामवाले खुर्ची घेऊन खाली गेले, बसा, वर नेतो म्हणाले.

"मला उचलून न्यायचा दिवस वेगळा आहे," ती म्हणाली. "आज चालेन."

आणि चालली. शिडीच्या दोराला धरून, तीनदा थांबत. वर आम्ही सगळे उभे. तिनं कप्तानाकडे पाहिलंही नाही. उभ्या असलेल्या एकेका बाईचं तोंड ती निरखत चालली. सूनबाई, खुर्च्यावाली, कुत्रेवाली, धुलाईखान्यातल्या दोघी. माझ्यापाशी थांबली.

"ही कोण?"

"मावशी आहेत, आई. वर राहतात."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वयात बसत नाही," म्हणाली आणि पुढं गेली.

न्यायाधीशांना हसू आलं. ते मी त्या एकाच वेळी पाहिलं.

सेक्रेटरींनी जेवणघर दाखवायची तयारी केली होती. ती म्हणाली, "ते नको. हा झोपतो कुठे ते दाखवा." लिफ्टच्या दारात तिनं मागे हात केला, आधाराला. जवळ मीच होते. म्हणून मी खाली गेले.

खोली अडीच पावलांची. मीही आत कधी पाहिली नव्हती. खिडकी नाही. भिंतीला पलंग, त्यावर घडी केलेली चादर आणि एक उशी. खुंटीला दोन सदरे. फळीवर एक कप, खाचेत एक चमचा. म्हातारीनं काठी बहिणीकडे दिली आणि खण उघडला. मोजे गुंडाळून ठेवलेले. खण बंद केला. पलंगाखाली वाकून बघायला लागली.

"आई, काय करतेस," बहीण म्हणाली.

"बघू दे तिला," सुतारभाऊ म्हणाले. ते दारातच उभे होते.

मग ती बेसिनपाशी गेली. तिथं भिंतीला एक लाकडी पट्टी होती, दात घासायचा ब्रश ठेवायला, त्यांनीच केलेली. गुळगुळीत, कडा गोल मारलेल्या. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"एकच भोक पाडलंस," ती म्हणाली.

"एकच ब्रश आहे, आई."

ती पलंगावर बसली. उशी ओढून मांडीवर घेतली. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. आता म्हातारी म्हणेल, खरं होतं रे तुझं, आणि या माणसाच्या डोक्यावरचं एकोणीस वर्षांचं ओझं उतरेल, असं मला वाटलं. त्याचसाठी हे सगळं केलं होतं.

"मला वाटायचं, निदान कुणीतरी असेल," ती म्हणाली.

"मी सांगत होतो की."

"सांगत होतास. मी मानलं नाही." तिनं उशीची शिवण नखानं दाबली. "मला राग यायचा. पण रागाच्या खाली असं होतं की याला ताप आला तर कुणीतरी उठत असेल. एकोणीस वर्षं मी त्या बाईला शिव्या दिल्या. ती नव्हतीच." मग भिंतींकडे बघत, "इथं दिवस आहे की रात्र ते कसं समजतं तुला?"

"घड्याळ आहे ना."

"घड्याळ," ती म्हणाली.

सुतारभाऊंनी तळहात दाराच्या चौकटीला लावला होता. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं, काही वाजत नव्हतं. तरी त्यांनी हात तसाच ठेवला.

कप्तानांनी उरलेले पंधरा दिवस माफ केले. त्याच दुपारी ते उतरले. एक पिशवी आणि हत्यारांची पेटी. म्हातारीच्या बगलेत उशी.

"ती जहाजाची आहे, आई," शिडीवर ते म्हणाले.

"असू दे."

सेक्रेटरी शिडीच्या तोंडाशीच उभे होते, हातात वही. त्यांनी उशीकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि समुद्राकडेच बघत राहिले.

आता नवा सुतार आहे. चांगला आहे, घाईत असतो. माझं दार कुरकुरलं की तेल सोडून जातो, आठवड्यात पुन्हा कुरकुरतं. टेबलावर किनाऱ्यापासून बोटभर आत एक फिकट ठिपका आहे. त्यानं विचारलं, इथं बंदर नाही, मग भोक कुणी पाडलं? मी म्हटलं, सुतारानंच.

सुतारभाऊंचा महिन्यातून एकदा फोन येतो. कोठाराचे दरवाजे दुरुस्त करायचं काम मिळालंय म्हणाले. मी विचारलं, "आई आता काय म्हणते?"

"काही म्हणत नाही, मावशी. वाढते. मग समोर बसते. मी उठेपर्यंत बसून राहते."